वायूंचे स्फटिक : ओढ नसताना जुळलेल्या जोड्या

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, तह नाही. पण इतिहास आहे, आणि तो जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे.

एक काचेची बाटली घ्या. तिच्यात फुग्यात भरतात तो हेलियम आणि हवेत सर्वांत जास्त असतो तो नायट्रोजन, असे दोन्ही वायू भरा. झाकण लावून ठेवून द्या. वर्ष जाऊ द्या, शंभर वर्षं जाऊ द्या. काहीही होणार नाही. हेलियम कोणाशीच संसार थाटत नाही. नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना तिसऱ्याची गरज वाटत नाही. शाळेच्या पुस्तकात आपण हेच शिकलो : हे निष्क्रिय, ते जवळजवळ निष्क्रिय.

आणि तरीही १९९२ साली 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. हेलियम आणि नायट्रोजन यांचं मिश्रण प्रचंड दाबाखाली धरलं, तर त्यातून एक नीटस स्फटिक तयार होतो. त्यात प्रमाणही ठरलेलं असतं : हेलियमचा एक अणू आणि नायट्रोजनचे अकरा रेणू. दहा नाहीत, बारा नाहीत, अकराच.

ज्यांना एकमेकांची ओढच नाही, ते इतक्या शिस्तीत एकत्र कसे बसले? हे समजायला माणसाला एवढा काळ का लागला? आणि यातून आपल्या हाती काय आलं? आज या तीन प्रश्नांची उत्तरं शोधू.

'कायमचे' वायू

सुरुवात लंडनमध्ये करू. १८२३ साली तरुण मायकेल फॅरडे यांनी एका वाकड्या, दोन्हीकडून बंद केलेल्या काचेच्या नळीत एक पिवळसर बर्फाळ पदार्थ तापवला. त्यातून क्लोरिन सुटला, नळीत कोंडला, आणि स्वतःच्याच दाबाने त्याचा तेलासारखा द्रव झाला. वायू म्हणजे काही वेगळी जात नव्हे, योग्य परिस्थितीत त्याचा द्रव होतो, हे त्या छोट्या नळीने दाखवलं.

तो पिवळसर पदार्थ काय होता, हेही लक्षात ठेवा. आधी लोकांना वाटायचं की तो गोठलेला क्लोरिन आहे. फॅरडे यांचे गुरू हम्फ्री डेव्ही यांनी १८११ च्या सुमारास दाखवलं की त्यात पाणीही आहे. म्हणजे वायू आणि पाणी यांचा तो मिश्र स्फटिक होता. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून पिंजरा करतात आणि वायूचा रेणू त्यात अडकतो, ही त्याची रचना मात्र विसाव्या शतकात उलगडली.

पुढे फॅरडे यांनी एकामागून एक वायू द्रवरूप केले. १८४५ पर्यंत त्यांच्या यादीत फक्त सहा हट्टी वायू उरले : ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन. यांना नाव पडलं 'कायमचे वायू'. व्हिएन्नाचे योहान नाटरर यांनी तर यांतल्या काहींना हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींच्या आसपास दाबून पाहिलं. एक थेंबही पडला नाही.

नाटरर यांच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. कमी होती ती एका कल्पनेची. ती १८६९ साली बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी दिली. कार्बन डायऑक्साइडवर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यांनी सांगितलं की प्रत्येक वायूचं एक ठरावीक तापमान असतं. त्याच्या वर वायू कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. कार्बन डायऑक्साइडसाठी हे तापमान सुमारे ३१ अंश सेल्सियस आहे. हायड्रोजनसाठी ते शून्याखाली २४० अंश आहे. मग व्हिएन्नाच्या खोलीत थेंब पडणार कुठून?

चार वर्षांनी, १८७३ मध्ये, हॉलंडमध्ये योहानेस व्हान डर वाल्स या शिक्षकाने प्रबंध लिहिला. त्याचं सार दोन वाक्यांत सांगतो. एक, रेणूंना आकार असतो, ते जागा व्यापतात. दोन, रेणू एकमेकांना किंचित ओढतात. या दोन गोष्टी धरल्या की वायू द्रव का होतो हे गणिताने समजतं. हे नाव विसरू नका. सुमारे एकशेवीस वर्षांनी ते पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

हेलियम : गुंटूर ते लायडन

आता आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र, हेलियम. याचा जन्मदाखला भारताशी जोडलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जूल जान्सेन यांनी आजच्या आंध्र प्रदेशातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच ग्रहणात निरीक्षकांना त्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली. ती सोडियमची असावी असं आधी वाटलं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून ग्रहण नसतानाच मोजमाप केलं, आणि ती रेघ सोडियमच्या रेघांशी जुळत नाही हे दिसलं. त्या अनोळखी मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं गेलं.

इथे कोकणातले श्रोते लगेच विचारतील : मग विजयदुर्गावरचे 'साहेबाचे कट्टे'? लॉकयर विजयदुर्गाला आले होते हे खरं, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी तो युरेनियमच्या एका खनिजातून मिळवला होता. त्यामुळे हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ही समजूत दोन ग्रहणांची सरमिसळ आहे.

तो हेलियम द्रवरूप करण्याची शर्यत जिंकली हॉलंडमधल्या लायडनच्या हाइक कामरलिंग ऑन्नेस यांनी, १० जुलै १९०८ रोजी. त्या थंडीच्या जोरावर तीन वर्षांनी, १९११ मध्ये, त्याच प्रयोगशाळेत पाऱ्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झालेला दिसला. ती अतिवाहकता. तिच्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

लायडनमधलाच, १९०६ सालचा एक प्रयोग आपल्या गोष्टीला फार जवळचा आहे. कामरलिंग ऑन्नेस यांनी द्रवरूप हायड्रोजनच्या वर हेलियम वायू दाबला. दाब वाढत गेला, तसा हेलियम वायू दाट होत गेला आणि शेवटी तो द्रवाच्या खाली जाऊन बसला. वायू द्रवात बुडाला! दाबाखाली दोन वायू एकमेकांपासून फटकून वेगळे राहतात, याचं हे ठसठशीत उदाहरण होतं. त्यामुळे पुढची अनेक वर्षं सर्वसाधारण कल अशी अपेक्षा करण्याकडे होता की न जुळणारे वायू दाबले तर ते तेल-पाण्यासारखे वेगळे होतील, आणि गोठले तर आपापले वेगळे गोठतील.

हेलियम गोठवायलाही दाबच लागला. रोजच्या हवेच्या दाबाखाली तो निरपेक्ष शून्यापर्यंत नेला तरी द्रवच राहतो. १९२६ मध्ये लायडनच्याच विलेम केसोम यांनी थंडीला दाबाची जोड देऊन त्याला घनरूप केलं. त्यासाठी किमान पंचवीस पट दाब लागतो.

तस्करांचे हिरे

आता दाबाचा अंदाज घेऊ. आपल्या घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी हवेच्या दाबाच्या सुमारे दुप्पट दाब असतो. प्रशांत महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत अकराशे पटींच्या आसपास. आणि पृथ्वीच्या केंद्रात जवळजवळ छत्तीस लाख पट. शास्त्रज्ञ गिगापास्कल हे एकक वापरतात. एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दहा हजार पट, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या क्षेत्रावर एका माणसाचं राज्य होतं : हार्वर्डचे पर्सी ब्रिजमन. त्यांनी दाब वाढेल तशी आपोआप अधिक घट्ट बसणारी जोडणी तयार केली. त्यामुळे गळती थांबली आणि एक लाख पटींपर्यंतचे प्रयोग शक्य झाले. १९४६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पण त्यांची यंत्रं म्हणजे जाडजूड पोलादी दट्टे आणि नळकांडी. आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसायचं नाही.

ही अडचण १९५८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये सुटली. चार्ल्स वीर, एलिस लिपिनकॉट, ॲल्विन व्हान व्हाल्केनबर्ग आणि एल्मर बंटिंग यांनी दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर ठेवली आणि मधल्या इवल्याशा जागेत पदार्थ चिरडला. तत्त्व साधं आहे. बळ तेच ठेवून क्षेत्रफळ कमी केलं की दाब वाढतो. टाचणीचं टोक बोटात घुसतं पण तिचं डोकं घुसत नाही, ते याच कारणाने. हिरा सर्वांत कठीण तर आहेच, शिवाय पारदर्शक आहे. म्हणजे दाबणारं हत्यार हीच बघण्याची खिडकी. एवढे हिरे सरकारी प्रयोगशाळेला परवडले कसे? अमेरिकी सरकारने तस्करांकडून जप्त केलेल्या हिऱ्यांतून ते मिळाले होते.

हे अख्खं उपकरण मुठीत मावतं. दोन हिऱ्यांच्या मध्ये धातूची पातळ चकती असते आणि तिला केसाएवढं बारीक भोक. कुकरच्या रिंगचं काम ही चकती करते आणि त्या भोकात नमुना बसतो. वायू भरायचा असेल तर तो आधी थंडीने द्रव करून किंवा दोन हजार पटींच्या आसपास दाबून त्या भोकात कोंडतात. आतला दाब मोजायला माणकाचा एक कण ठेवतात. लेझर टाकला की माणिक लाल चमकतं आणि दाब वाढेल तशी ती लाल छटा ठरावीक हिशेबाने सरकते. ही युक्ती १९७२ ची, तीही त्याच प्रयोगशाळेतली.

आणि आतले रेणू ओळखायचे कसे? इथे २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात लागलेला शोध कामी येतो. प्रकाश रेणूवर आदळून विखुरला की त्याच्या रंगात सूक्ष्म बदल होतो आणि त्या बदलात रेणूच्या कंपनाची सही असते. हा रामन परिणाम. हिऱ्यातून लेझर आत सोडायचा, परतलेला प्रकाश तपासायचा : हायड्रोजनची सही वेगळी, नायट्रोजनची वेगळी, आणि शेजारी बदलले की सहीही किंचित बदलते. बंगळुरूमध्ये रामन यांच्याबरोबर काम केलेले ए. जयरामन पुढे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेले. हिऱ्यांच्या या उपकरणावर त्यांनी १९८३ मध्ये लिहिलेला विस्तृत आढावा जगभरच्या अभ्यासकांनी हाताशी ठेवला.

१९७९ हे वर्ष मोठं ठरलं. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत हो-क्वांग माओ आणि पीटर बेल यांनी खोलीच्या तापमानाला हायड्रोजन गोठवला, सुमारे ५७ हजार पट दाबाखाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये बेसों आणि पिन्सो यांनी हेलियमही खोलीच्या तापमानाला गोठवला. त्याला लागला एक लाख पटींहून अधिक दाब. नाटरर यांना थेंब मिळाला नव्हता, कारण त्या तापमानाला द्रव होणं शक्यच नव्हतं. पण पुरेसा दाब दिला तर थेट घन होणं शक्य होतं. त्यांना तीन हजार पुरले नाहीत, हायड्रोजनला साठ हजारांच्या आसपास लागले, एवढाच काय तो फरक.

अकराला एक

आता प्रश्न आला मिश्रणांचा. हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठात, जिथे व्हान डर वाल्स प्राध्यापक होते, तिथे दाबाखालच्या वायुमिश्रणांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू होता. तिथले यान स्खाउटेन आणि विलेम व्होस, आणि कार्नेगी संस्थेतले फिंगर, हेमली, हू आणि माओ यांनी मिळून हेलियम-नायट्रोजनचं मिश्रण हिऱ्यांच्या ऐरणीत घातलं. एक लाख पटींच्या थोड्या आतल्या दाबाला त्यात स्फटिक वाढले. रामन वर्णपटाने सांगितलं की हा शुद्ध नायट्रोजन नाही. क्ष-किरणांनी रचना दाखवली, आणि प्रमाण निघालं एकास अकरा. या नव्या जातीला त्यांनी नाव दिलं 'व्हान डर वाल्स संयुग'.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, पॅरिसच्या पॉल लुबेर आणि सहकाऱ्यांनी त्याहून चमत्कारिक जोडी दाखवली. हेलियम आणि निऑन, दोन्ही पक्के निष्क्रिय. त्यांचा स्फटिक बनला : निऑन एक, हेलियम दोन. त्याची मांडणी तर ओळखीची निघाली. मॅग्नेशियम आणि जस्त यांच्या एका मिश्रधातूत अणू जसे बसतात, हुबेहूब तशी. धातूंमध्ये कोणत्या अणूला किती मोठा शेजारी चालतो याच्यावर ठरणारी ही मांडणी लावेस या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. पण धातू आणि निष्क्रिय वायू यांचं रसायन एकमेकांपासून कोसभर लांब. मग मांडणी एक कशी?

याचं उत्तर फळांच्या गाडीवर आहे. संत्री रचली की कितीही नीट रचा, जास्तीत जास्त ७४ टक्के जागा भरते, बाकीची पोकळीच राहते. केप्लर यांनी हा अंदाज १६११ मध्ये सांगितला होता. आता शेजारी लिंबांचा ढीग आहे. त्यातही पोकळ्या आहेत. दोन्ही ढीग वेगवेगळे ठेवायचे, की संत्र्यांच्या फटीत लिंबं बसवून एकच ढीग करायचा? आकारांचं प्रमाण जुळलं तर दुसरा ढीग कमी जागा घेतो.

एरवी या बचतीला काही किंमत नसते. हिशेब करून बघा. हवेच्या साध्या दाबाला एका मोलमागे एक घनसेंटिमीटर जागा वाचली, तर वाचलेली ऊर्जा सुमारे ०.१ ज्यूल. पण दहा गिगापास्कल दाबाला तेवढ्याच जागेची किंमत दहा हजार ज्यूल होते. खोलीच्या तापमानाला रेणूंची जी धडपड चालू असते तिची ऊर्जा मोलमागे अडीच हजार ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे जागेची बचत उष्णतेच्या गोंधळावर सहज मात करते. रेणूंना एकमेकांची ओढ असो वा नसो, वेगळं राहणं महाग पडायला लागतं. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी साडेआठला अनोळखी माणसं एकमेकांत किती बेतशीर बसतात, ते आठवा. मैत्रीमुळे बसत नाहीत.

पण फक्त दाटीने सगळं स्पष्ट होत नाही. कारण लावेस मांडणीत कडक गोळे ठेवले तर ते संत्र्यांच्या ढिगापेक्षा जास्त दाट बसत नाहीत. एक तर अणू हे कडक गोळे नव्हेत. दाबले की ते थोडे लहान होतात, आणि कोण किती दबतो हे प्रत्येकाचं वेगळं. शिवाय दुसरी एक गोष्ट लागते, आणि ती निसर्गाने आधीच करून ठेवली होती. १९७८ मध्ये सँडर्स आणि मरे या संशोधकांनी ब्राझीलच्या ओपल रत्नात पाहिलं, तेव्हा दोन आकारांचे सिलिकाचे सूक्ष्म गोळे त्यात शिस्तीत लागलेले होते. काही ठिकाणी तर एका मोठ्या गोळ्यामागे तेरा लहान. या गोळ्यांना मुद्दाम जवळ ओढणारं रसायन काहीच नव्हतं. १९९३ मध्ये संगणकावर फक्त कडक गोळे घेऊन, आकर्षण शून्य धरून प्रयोग केला गेला. तरी तीच तेरास एक मांडणी स्थिर निघाली. गर्दीत प्रत्येकाला हलायला थोडी मोकळीक हवी असते. अस्ताव्यस्त गर्दीत काहीजण पार अडकतात. शिस्तीत उभे राहिले तर सगळ्यांनाच थोडं हलता येतं. म्हणून एन्ट्रॉपीच, जिला आपण गोंधळाचं माप म्हणतो, कधी कधी शिस्त लावते.

फॅरडे यांच्या क्लोरिनच्या बर्फात आणि या स्फटिकांत फरक आहे तो इथे. तिथे पाणी पिंजरा करून सगळ्यांना धरून ठेवतं, त्यामुळे मध्यम दाब आणि थंडीही पुरते. म्हणूनच समुद्रतळाखाली मिथेनचे असे बर्फ सापडतात; २००६ मध्ये आपल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातूनही ते वर काढले गेले. आणि म्हणूनच २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात दीड किलोमीटर खोलीवर तेलगळती रोखायला उतरवलेला अवाढव्य घुमट याच बर्फाने तुंबला. हेलियम-नायट्रोजनमध्ये पिंजरा बांधणारं कोणीच नाही, म्हणून तिथे दाबाला एकट्याने सगळं काम करावं लागतं.

आशा, आणि तिची दुरुस्ती

इथून पुढे जोड्यांची रांग लागली. १९९४ मध्ये लुबेर यांच्या गटाने आर्गॉन आणि हायड्रोजन यांचा स्फटिक दिला, पुन्हा त्याच लावेस मांडणीत. १९९५ मध्ये त्यांनी ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र दाबले. ठिणगी पडली की भडकून पाणी होणारं हे मिश्रण ७६ हजार पटींच्या आसपास दाबाखाली, खोलीच्या तापमानाला, शांतपणे टिकून राहिलं. पुढे २००६ मध्ये वेंडी माओ आणि सहकाऱ्यांनी उलटी वाट दाखवली : दाबाखालच्या बर्फावर बराच वेळ क्ष-किरण सोडले, तर पाण्याचे रेणू तुटून ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा मिश्र स्फटिक तयार होतो. १९९६ मध्ये कार्नेगीच्या मद्दुरी सोमयाजुलू आणि सहकाऱ्यांनी मिथेन आणि हायड्रोजन यांची तब्बल चार संयुगं मांडली. त्यांतल्या एकात मिथेनच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे चार रेणू बसतात, म्हणजे वजनाचा एक तृतीयांश भाग वेगळा काढता येईल असा हायड्रोजन. युरेनस आणि नेपच्यूनसारख्या ग्रहांच्या अभ्यासकांना आणि हायड्रोजन साठवू पाहणाऱ्यांना, दोघांनाही त्यात रस होता.

पण या साऱ्यामागे एक मोठी आशा होती. १९३५ मध्ये युजीन विग्नर आणि हिलार्ड हंटिंग्टन यांनी भाकीत केलं होतं की अडीच लाख पट दाबाला हायड्रोजन धातू होईल. अडीच लाख पट दाब आला, गेला. हायड्रोजन काही धातू होईना. मग विचार आला की हायड्रोजनला एकट्याने दाबण्याऐवजी दुसऱ्या अणूंच्या चौकटीत बसवावं. चौकटच त्याला आतून आवळेल आणि बाहेरून कमी दाब पुरेल. १९९४ च्या त्या प्रयोगात १७५ गिगापास्कल दाबाला आर्गॉनमधल्या हायड्रोजनच्या रेणूची सही नाहीशी झाल्यासारखी दिसली. वाट सापडली असं वाटलं.

या प्रश्नाचा निकाल लागायला तेवीस वर्षं गेली. २०१७ मध्ये माओ यांच्या गटाने तोच स्फटिक ३५८ गिगापास्कलपर्यंत नेला, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राच्या दाबाच्या अगदी जवळ. रचना टिकली. हायड्रोजनचे रेणू रेणूच राहिले. उलट असं दिसलं की आर्गॉनच्या शेजारात हायड्रोजनला धातू होणं जास्त जड जातं. चौकट आवळत नव्हती, सैल धरत होती. एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेने अधिक चांगल्या साधनांनी तपासला आणि बदलला. विज्ञानाच्या इतिहासात हे रोज घडतं, आणि घडायलाच हवं. शुद्ध हायड्रोजनच्या बाबतीत, २०२० मध्ये लुबेर आणि सहकाऱ्यांनी ४२५ गिगापास्कलला तो धातू झाल्याचा पुरावा मांडला. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी 'संभाव्य' हा शब्द ठेवला.

सडक्या अंड्याच्या वासाचा वायू

मग चौकटीची कल्पना वाया गेली का? तेवढ्यातच दुसऱ्या एका जोडीने गोष्टीला वळण दिलं.

हायड्रोजन सल्फाइड हा वायू तुम्हाला वासाने माहीत आहे; सडलेल्या अंड्याचा, गटाराचा वास. २०११ मध्ये कार्नेगीच्या टिमथी स्ट्रोबेल आणि सहकाऱ्यांनी हा वायू आणि हायड्रोजन मिळून दाबले. मिश्र स्फटिक मिळाला : सल्फाइडचे दोन रेणू, हायड्रोजनचा एक. त्या वेळी ती यादीतली आणखी एक भर होती. २०१४ मध्ये चीनमधल्या एका गटाने याच स्फटिकावर संगणकाने गणित केलं. आणखी दाबलं तर त्यातलं गंधक आणि हायड्रोजन नव्या मांडणीत येतील, एका गंधकामागे तीन हायड्रोजन, आणि तो पदार्थ चांगल्या चढ्या तापमानाला अतिवाहक असेल, असं उत्तर आलं.

आणि २०१५ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ शहरात मिखाइल एरेमेत्स आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन सल्फाइड हिऱ्यांत दाबून दाखवला. सुमारे दीडशे गिगापास्कल दाबाखाली तो मोडून तीच नवी मांडणी तयार झाली, आणि शून्याखाली सत्तर अंशांना त्याचा विद्युत विरोध संपला. शून्याखाली सत्तर ही कडाक्याची थंडी आहे, पण अंटार्क्टिकात याहून जास्त थंडी नोंदली गेली आहे. म्हणजे पृथ्वीवरच्या नैसर्गिक तापमानात पहिल्यांदाच अतिवाहकता दिसली. कामरलिंग ऑन्नेस यांना १९११ मध्ये पारा शून्याखाली २६९ अंशांपर्यंत न्यावा लागला होता. २०१९ पर्यंत लँथॅनम आणि हायड्रोजन यांच्या संयुगाने हा आकडा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत आणला. १९९६ चे ते सोमयाजुलू यांतल्या एका प्रयोगात पुढे होते.

यातलं काय पणाला लागलंय ते सांगतो. रुग्णालयातलं एमआरआय यंत्र आज द्रवरूप हेलियमच्या थंडीवर चालतं, कारण त्यातल्या अतिवाहक तारांना तेवढी थंडी लागते. हेलियम जमिनीतून मर्यादित निघतो, आणि हवेत सुटला की बराचसा वातावरणातून निघून जातो. खोलीच्या तापमानाला, साध्या दाबाला चालणारा अतिवाहक मिळाला तर वीज वाहून नेताना होणारा तोटा आणि ही हेलियमची गरज, दोन्ही बदलतील. तो अजून मिळालेला नाही. आजचे हे पदार्थ लाखो पट दाबाखालीच जगतात आणि हिऱ्यांची पकड सैल केली की मोडतात. पण शोध कुठल्या दिशेने करायचा, हे आता कळलं आहे, आणि ती दिशा ज्यांना एकेकाळी निव्वळ कुतूहलाचे नमुने मानलं गेलं अशा मिश्र स्फटिकांनी दाखवली आहे.

आता सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे वळू. वायू एकत्र कसे बसले? दाबाने जागा महाग केली, आणि आकार जुळणाऱ्यांना शिस्तीत बसणंच स्वस्त पडलं. एवढा काळ का लागला? आधी अँड्र्यूज आणि व्हान डर वाल्स यांची कल्पना हवी होती, मग ब्रिजमन यांची घट्ट जोडणी, मग पारदर्शक ऐरण, मग माणिक आणि रामन यांचा प्रकाश. यातलं एक जरी नसतं तरी पुढचं पाऊल पडलं नसतं. आणि हाती काय आलं? 'निष्क्रिय' या शब्दाचा खरा अर्थ. तो फक्त आपल्या घरच्या दाबापुरता खरा होता. २०१७ मध्ये तर अकरा लाख पटींहून अधिक दाबाखाली सोडियम आणि हेलियम यांचं स्थिर संयुगही मिळालं : सोडियम दोन, हेलियम एक.

ग्रहांच्या आणि ताऱ्यांच्या पोटातला बराचसा पदार्थ असल्याच प्रचंड दाबाखाली आहे. आपलं शाळेचं रसायनशास्त्र शिकवलं जातं ते पृथ्वीच्या पातळ सालीवरचं. तुमच्या घरात अकरावी-बारावीचं कोणी असेल, तर त्यांना आज रात्री एवढंच विचारा : हेलियमचं संयुग होतं का? 'नाही' म्हणाले तर विचारा, कुठल्या दाबाला? पुढचा अर्धा तास चांगला जाईल.